थोरली घंटा वेंडेलची

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात बूट न पुसता वर येणाऱ्याला मी जिन्यातूनच माघारी धाडते, मग तो पाद्री असो की पलटणीचा साहेब. वेंडेल लोकेनलाही धाडलं होतं. बेचाळीस सालचा एप्रिल होता, मंगळवारची संध्याकाळ. आम्ही पाचजण दोर ओढत उभे होतो आणि हा दाराच्या चौकटीत न मावणारा पोरगा, गावाशेजारच्या विमानांच्या तळावरचा, हवाईदलाच्या निळ्या कपड्यांत वर आला, बुटांना आमच्या अर्ध्या शेताचा चिखल घेऊन. मी म्हटलं, "खाली जा. पुसून ये." तो खाली गेला.

"संपलं," पर्सी थर्लबी म्हणाला. पर्सी आमचा पाववाला, तिसरी घंटा त्याची, आणि गप्प बसणं त्याच्या पत्रिकेतच नाही. "जर्मनांना जमलं नाही ते तुम्ही केलंत, पिंचबेकबाई. वैमानिक पळवून लावलात."

पण तो परत आला. बूट पुसून नव्हे, काढून, हातात धरून. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"मॅम," तो म्हणाला, "मी नुसता मनोरा बघायला आलोय. आम्ही तिकडून परत येतो ना, पहाटेच्या धुक्यातून पहिल्यांदा हाच वर आलेला दिसतो. हा दिसला की विमानाच्या शेपटीत बंदूक धरून बसणारा आमचा ॲली गायला लागतो. भिकार गातो. म्हटलं, एकदा जवळून बघून यावं."

"बघितलास. आता?"

"आता एक विचारतो. रागावू नका. तुम्ही सगळे हे काय करताय?"

विचारणारच की. पाच मोठी माणसं तोंडं गंभीर करून दोर ओढतायत, वर मणामणाच्या घंटा गरगरतायत आणि आवाज म्हणाल तर लाकडाची करकर, बाकी काही नाही. सरकारनं चाळीस सालीच हुकूम काढला होता की जर्मन आभाळातून उतरले तरच घंटा वाजवायच्या, एरवी नाही. पण घंटेचा हात महिनाभर बसवला की बिघडतो. म्हणून आम्ही लोलकांना कातडं गुंडाळून आवळून बांधलं आणि दर मंगळवारी मुक्या घंटा वाजवत राहिलो. या मनोऱ्याची म्होरकी मी. आधी माझा बाप होता, मग नवरा, आता मी. सरकारला आवाज नको होता. सवय मोडा असं सरकार कुठं म्हणालं होतं?

त्याची नजर सहाव्या दोरावर गेली. खुंटीला गुंडाळून ठेवलेला. ती आमची थोरली घंटा, सगळ्यांत जड, सगळ्यांत शेवटी वाजणारी. तिचा माणूस नौदलात गेला होता.

"ही कोण ओढतं?"

"तुझ्याच्यानं व्हायची नाही," जोसाया स्केल्टन म्हणाला. जोसाया आमच्या कबरी खणतो आणि पाचवी घंटा ओढतो. त्याच्या जिभेला फावड्यापेक्षा धार जास्त. "अमेरिकन ना तू? तुमच्याकडे सगळंच मोठं असतं म्हणे. फक्त लढाईला यायला उशीर."

"म्हणून तर मी जरा आधी आलो," वेंडेल म्हणाला. राग नाही, काही नाही. बूट कोपऱ्यात नीट ठेवले आणि बाह्या सारल्या.

घंटा काही ताकदीनं वाजत नाही, पण धडधाकट माणसाला हे सांगून कळत नाही. मी बजावलं होतं की मी सोड म्हटलं की दोर सोडायचा. सोडला नाही. घंटा पलटली, दोर सुसाट वर गेला आणि त्याच्याबरोबर वेंडेलही. डोकं छताच्या तुळईला लागलं तेव्हा खाली आला. पर्सी हसून हसून जमिनीवर बसला. मी विचारलं, "कान फुटलेत का रे तुझे? सोडला का नाहीस?"

"मला वाटलं, मी सोडली तर ती पडेल."

"शंभर वर्षं नाही पडली ती तुझ्यावाचून," मी म्हटलं. पण तेव्हाच मला तो आवडला, आणि एकदा मला कोणी आवडलं की त्याची धडगत नसते. उन्हाळाभर मी त्याला पिदवला. विमान उडायचं नसेल त्या मंगळवारी तो यायचा. नाही आला तर आम्ही विचारायचो नाही. जोसायाच्या मागून यायचं, त्याच्या दोराकडे बघत, एका श्वासाचं अंतर ठेवून, हे त्याला जोसायानंच शिकवलं. शिव्या देत शिकवलं. "अरे बदका, धावत येतोस कुठं? मी मेलोय का?" आमच्या भागात लाडानं माणसाला बदक म्हणतात. जोसायाच्या तोंडून कुणाला बदक म्हटलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

सराव झाला की वेंडेल माझ्या स्वयंपाकघरात बटाटे नि डुकराच्या चरबीत परतलेला कोबी खायचा आणि खाऊन झालं की ताट विसळून ठेवायचा. माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत ताट विसळलं नाही. एकदा मी त्याला सरळ विचारलं, "तुझा देश लढाईत नव्हता तेव्हा तू का तडफडलास इकडं? कोणी आमंत्रण धाडलं होतं?"

तो काट्यानं ताट खरवडू लागला. "माझ्या आजीचं गाव नॉर्वेत आहे, मॅम. आम्ही शेतकरी, मिनेसोटातले. नॉर्वेत जर्मन शिरले त्या दिवशी आजी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्याकडे सगळे म्हणत होते, बघू या काय होतंय. मला नुसतं बघत बसणं जमेना. बसमध्ये बसलो, कॅनडात उतरलो, म्हटलं मला उडायला शिकवा."

"आणि आई?"

"आई दोन दिवस बोलली नाही. मग मोजे विणून दिले." त्यानं पाय पुढं केला. "हेच ते. भोक माझं."

शरद लागला आणि गावात बोलवा उठली. त्याच्या स्वतःच्या देशाची फौज आता इंग्लंडात उतरली होती, आणि परक्या झेंड्याखाली उडणाऱ्या आपल्या पोरांना ती परत बोलावत होती. कागदावर सही केली की झालं. पगार भारी, जेवण भारी, कापड आमच्यापेक्षा मऊ. तळावरचे दोघे अमेरिकन जाऊनही आले होते, नव्या कपड्यांत मिरवायला. पर्सी म्हणाला, "जा बाबा. तिथं म्हणे रोज मांस देतात. गेलास की माझ्यासाठी एक तुकडा खिशात घालून आण."

मला वाटलं, जाईल. जावं, असंही वाटलं. बॉम्ब टाकायच्या नेमून दिलेल्या फेऱ्या संपल्या की सुटका, आणि त्याच्या थोड्याच राहिल्या होत्या, पण शेवटच्या फेऱ्यांत काय होतं ते तळाशेजारी राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "सही कर. आम्हाला थोरलीला दुसरा माणूस मिळेल."

"नाही मिळणार," तो म्हणाला. खरंच होतं ते. "मॅम, आम्ही विमानात पाचजण आहोत. मी कसा वळतो ते त्यांना पाठ झालंय. ॲली कशावर ओरडतो नि कशावर उगाच ओरडतो ते मला पाठ झालंय. मी गेलो की त्यांना नवा माणूस देणार, कोवळा, आणि त्याला हे शिकवायला वेळ कुणाकडे आहे? आमच्या नकाशावाल्याची बायको पोटुशी आहे. त्यांच्या फेऱ्या संपू देत. मग करतो सही."

चार पोरं घरी जावीत म्हणून हा पाचवा घरी जायला तयार नव्हता.

नोव्हेंबरात आफ्रिकेच्या वाळवंटातली ती मोठी लढाई आपण जिंकली आणि सरकारनं जाहीर केलं, येत्या रविवारी देशभर घंटा वाजवा. अडीच वर्षांनी. बायका रस्त्यात एकमेकींना धरून रडल्या. माझी अवस्था लग्नघरातल्यासारखी. दोर तपास, तेल घाल, पर्सीला पिऊ नकोस म्हणून दम दे. आणि थोरलीवर वेंडेल. त्याची त्या रविवारी सुट्टी होती, साहेबाला विचारून पक्की केलेली.

गुरुवारी तो दुपारीच आला. मला म्हणाला, "मॅम, सात महिने मी हिला ओढतोय आणि हिचा आवाज मला माहीत नाही. कसा आहे हो?"

शिडी चढून मी त्याला वर घंटांपाशी नेलं. हुकूम रविवारपर्यंत होता आणि हुकूम म्हणजे हुकूम. पण बोटाच्या पेरानं वाजवू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला म्हटलं, कान लाव. त्यानं थोरलीच्या थंडगार अंगाला कान लावला आणि मी पलीकडून टकटक केलं. आत कुठंतरी खोल ती घुमली, बराच वेळ. त्याचे डोळे मिटलेले होते.

"स्वयंपाक करताना आजी असंच गुणगुणते," तो म्हणाला.

"हे काहीच नाही. रविवारी ऐकशील."

शुक्रवारी संध्याकाळी ते पाचजण फेरीवर निघाले. शनिवारी सकाळी पर्सी तळावर पाव पोचवून परत आला तो गाडी रस्त्यातच सोडून माझ्या दारात उभा राहिला आणि त्याला बोलता येईना. तेव्हाच मला कळलं. पर्सीला बोलता येत नाही म्हणजे दुसरं काय असणार?

हळूहळू सगळं समजलं. विमान एका इंजिनावर लंगडत समुद्र ओलांडून आलं होतं, दुसरं पेटलेलं. किनारा आला तसा वेंडेलनं सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. तिघांनी मारल्या, तिघे वाचले. शेपटीतल्या ॲलीच्या दोन्ही पायांत गोळ्यांचे तुकडे, त्याला हलता येईना. ॲली म्हणाला, तू जा. वेंडेल म्हणाला, गप बस आणि गा. गावापलीकडच्या बिटाच्या शेतात त्यानं विमान पोटावर उतरवलं. शेपूट शाबूत राहिली. पुढचा भाग राहिला नाही. ॲली इस्पितळात होता आणि जगणार होता.

मला त्याचा राग आला होता. सांगते स्पष्ट. सही करून गेला असता तर कुठंतरी मांस खात बसला असता. दुपारपर्यंत मी कोंबड्यांवर ओरडत होते. मग खुर्चीवर बसून पोटभर रडले, आणि मग मनोऱ्यात गेले, कारण लोलक सोडायचे होते.

पाद्रीसाहेब तिथं आधीच हजर. सज्जन माणूस, पण बिशपच्या नावानं घाम फुटणारा. पर्सी कातड्याच्या पट्ट्या हातात घेऊन उभा होता.

आमच्यात घंटा वाजवणारं माणूस गेलं की लोलकाच्या एका अंगाला कातडं बांधतात. एक ठोका मोकळा, एक दबका. पर्सी म्हणाला, "उद्या असंच वाजवू या. त्याच्यासाठी."

"उद्या विजयाच्या घंटा आहेत," पाद्रीसाहेब म्हणाले. "सबंध देशाच्या. सुतकाच्या कशा वाजवता येतील? पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईचा मुलगा वाळवंटातून जिवंत परत यायचाय. तिनं काय ऐकावं?"

यात खोटं काही नव्हतं. मी जोसायाकडे पाहिलं. तो दोरांकडे पाठ करून उभा होता.

"कातडं बांधायचं नाही," जोसाया म्हणाला. "उद्या नाही आणि परवाही नाही. तो घंटावाला नव्हता."

पर्सी त्याच्या अंगावरच गेला. "सात महिने तुझ्या मागून ओढली त्यानं. तूच शिकवलंस. लाज वाटते का काही?"

"शिकवलं. पण वाजवली कधी? एक तरी ठोका काढला? ज्यानं एकदा तरी देवाच्या कामाला मोकळी घंटा वाजवली तो घंटावाला. हा नियम माझा नाही." मग तो माझ्याकडे वळला. "तुझ्या बापाचा आहे, आडा. माझा भाऊ टॉबी सोळा साली फ्रान्समध्ये लढाईत गेला. एकोणीस वर्षांचा. सबंध हिवाळा शिकला होता, पुढच्या रविवारी पहिल्यांदा वाजवणार होता, तर बोलावणं आलं. मी तुझ्या बापाच्या पाया पडलो. म्हटलं, एकदा कातडं बांधा. तो म्हणाला, मुलानं वाजवली नाही, नियम तो नियम. माझ्या सख्ख्या भावाला जे मिळालं नाही ते मी परक्याला देऊ? वेंडेलवर माझा जीव नव्हता असं वाटतं का तुम्हाला?"

मला ते आठवत होतं. मी तिथंच होते, तिशी उलटलेली बाई, बापासमोर तोंड न उघडणारी. माझा बाप सचोटीचा माणूस होता. पण त्या दिवशी तो चुकला होता आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

"पलीकडच्या गावातून खाटकाला बोलावू," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले. "त्याला थोरली ओढता येते. सहाही वाजल्या की झालं."

"खाटीक येणार नाही," मी म्हटलं. "कातडंही बांधायचं नाही. पाच घंटा मोकळ्या वाजतील, विजयाच्या, खणखणीत. आणि सहावीची जागा सोडायची. पाच ठोके, मग तिच्या वेळेइतकं थांबायचं, मग पुन्हा पहिलीपासून."

"लंगडं वाजेल ते," पाद्रीसाहेब म्हणाले. "लोकांना वाटेल आपण विसरलो."

"लंगडं तर लंगडं. त्या पोरानं थोरली मुकीच वाजवली आजवर. उद्याही तशीच वाजवेल." आणि जोसायाला म्हटलं, "माझा बाप वारला, जोसाया. मनोरा आता माझा आहे. तुला पटत नसेल तर उद्या येऊ नकोस, मी चारावर वाजवीन."

तो जिना उतरून गेला.

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. अंगात लग्नाचा कोट. माझ्याकडे बघितलं नाही.

मी हाक दिली आणि पहिली घंटा ओढली. अडीच वर्षांनी तो आवाज निघाला. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मग ती जागा. कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण न वाजवणं फार कठीण असतं. हात आपोआप धावतात. जिना संपलाय समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं होत होतं दर वेळी. पाचवीच्या दोरावर जोसाया स्वतःचा ठोका टाकून शेजारच्या रिकाम्या दोराकडे बघायचा, एक श्वास, आणि मग मला मान हलवायचा. पर्सीचं तोंड ओलं झालं होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळं त्याला पुसता येत नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटं वाजवलं आणि मी थांबवलं. घंटा स्थिरावल्या. कोणी कुणाकडे बघत नव्हतं. जोसाया कोटाची बटणं लावायला लागला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पाद्रीसाहेब. धापा टाकत वर आले आणि दारातच थांबले, बूट पुसायचे राहिले होते म्हणून. मी तसंच आत या म्हटलं.

"खाली तीन मुलं आहेत," ते म्हणाले. "वेंडेलच्या विमानातली. एकाच्या हाताला झोळी आहे. भिंतीशी उभं राहून ऐकत होती. मी त्यांना त्या सोडलेल्या जागेचं काही सांगितलं नव्हतं हो, शपथेवर सांगतो. मी म्हटलं, आवडलं का? तर तो झोळीवाला म्हणाला..." पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणाला, वेंडेलची घंटा पुन्हा एकदा ऐकवतील का ते? ॲलीला इस्पितळात जाऊन सांगायचं आहे, कशी वाजते ते."

मी काही बोलायच्या आत जोसायानं कोट काढून खुंटीला लावला. तळहातांवर थुंकला, दोर धरला. सहाव्या दोराकडे बघत म्हणाला,

"आडा, या खेपेला त्या जागेत टॉबीलाही धर."

"धरलं," मी म्हटलं, आणि हाक दिली.